उणे तापमानात मॅरेथॉनचा सराव: थंडीपेक्षा ओल आणि वारा सांभाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन अर्धमॅरेथॉन पळून झाल्या, एप्रिलच्या मध्याला पहिली पूर्ण मॅरेथॉन आहे आणि तोवरचा बहुतेक सराव उणे ५ ते उणे १५ अंशांत, उघड्यावर करायचा आहे. पहिल्याच आठवड्यात छातीत जळजळ झाली, बोटं बधिर पडली आणि नेहमीच्याच मेहनतीला पेस, म्हणजे पळण्याचा वेग, किलोमीटरमागे ४० सेकंदांनी मंदावला. फुफ्फुसांना इजा होईल का, कपडे किती घालायचे आणि सरळ ट्रेडमिलच धरावी का, हे तुम्हाला हवं आहे. येत्या रविवारी २२ किलोमीटरचा लाँग रन आहे.

मी १८ हिवाळे बाहेर पळतेय आणि त्यातली १० वर्षं इतरांकडून सराव करून घेतेय. तुमच्या प्रश्नांची उत्तरं देईनच, पण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न त्या सगळ्यांच्या आधी येतो: वाटेत पळणं थांबलं तर काय?

पळताना आपण जी ऊर्जा खर्च करतो तिच्यातला साधारण तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणजे पळणारा माणूस ही एक पेटती शेगडी असते. उणे १० मध्ये दोन पातळ थरांवर आपण आरामात पळू शकतो ते या शेगडीच्या जोरावर. पण घोटा मुरगळला, पोटरीत गोळा आला किंवा अंगातली साखर संपून चालायची वेळ आली, की शेगडी काही मिनिटांत विझते. अंगावर मात्र पळण्याच्या हिशोबाने घातलेले, घामाने ओले झालेले कपडे असतात. हिवाळ्यातला खरा धोका इथे आहे.

हे मला कडाक्याच्या थंडीने शिकवलं नाही. तापमान शून्याच्या वर, २ अंश होतं आणि बर्फमिश्रित पाऊस पडत होता. थंडी फार नाही म्हणून पातळ जाकीट घालून निघाले. चौदाव्या किलोमीटरला पोटरी धरली आणि उरलेले ५ किलोमीटर चालत यावं लागलं. पहिली १० मिनिटं ठीक गेली. मग हुडहुडी भरली, मग बोटं इतकी कामातून गेली की कमरेच्या पिशवीची चेन ओढता येईना. आत फोन होता, चेनचं टोक बोटांच्या चिमटीत दिसत होतं, पण ते पकडलं आहे हे जाणवतच नव्हतं. शेवटी दातांनी ओढली. दाराशी पोचल्यावर किल्ली दोन्ही तळहातांमध्ये दाबून फिरवली. त्या दिवसापासून माझ्या पिशवीच्या चेनला दोरीचा मोठा फास असतो आणि सोबत घडी करून मुठीत मावेल असं वारा अडवणारं जाकीट असतं, हवामान कसंही असो.

याचं सगळ्यात भीषण उदाहरण २२ मे २०२१ चं. चीनमधल्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरातली शर्यत चालू असताना गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. १७२ धावपटूंपैकी २१ जण गेले. त्यात मुरलेले अल्ट्रा (मॅरेथॉनपेक्षा लांब अंतराचे) धावपटूही होते. तो मे महिना होता, उणे २० चा जानेवारी नव्हता. अनेकांच्या अंगावर शॉर्ट्स आणि पातळ टी-शर्ट होते, वर ओल आणि वारा. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेलं, शेकोटी पेटवली आणि ते वाचले. हे सांगून तुम्हाला घाबरवायचं नाही. फक्त हे लक्षात घ्या की थर्मामीटरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. म्हणून कोरड्या उणे १० पेक्षा पावसातले २ अंश मला जास्त जड वाटतात, आणि तुम्हीही तसंच माना.

आता कपडे. नेहमीचा हिशोब असा की बाहेर आहे त्यापेक्षा ८ ते १० अंश जास्त आहे असं धरून कपडे घाला. उणे ५ असेल तर उभ्याने ४-५ अंशांत जेवढं लागेल तेवढंच. दारातून बाहेर पडताना थोडं काकडलं पाहिजे. पहिल्याच मिनिटाला छान ऊब वाटत असेल तर पंधराव्या मिनिटाला घाम फुटणार आणि पन्नासाव्या मिनिटाला तोच घाम तुम्हाला गारठवणार. नवे लोक थंडी वाजू नये म्हणून कपडे घालतात. तुम्ही घाम येऊ नये म्हणून घाला.

अंगालगतचा थर मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचा, घट्ट बसणारा. सुती बनियन अजिबात नको, ती घाम धरून ठेवते. त्यावर उणे ५ पर्यंत पूर्ण बाह्यांचा अर्ध्या चेनचा एक शर्ट पुरतो. उणे १० च्या खाली किंवा वारा असेल तर त्यावर पातळ विंडचीटर. पूर्ण वॉटरप्रूफ जाकीट कोरड्या थंडीत टाळा, आतला घाम बाहेर जात नाही. चेन हा तुमचा रेग्युलेटर आहे: चढ लागण्याआधी उघडायची, घाम आल्यावर नव्हे, उतारावर किंवा वारा समोरून आला की बंद. पायांना टाइट्स पुरतात, कारण मांड्या स्वतःच मोठी शेगडी आहेत. पुरुषांनी पुढच्या बाजूला वारा अडवणारी अंतर्वस्त्रं घ्यावीत. तिथेही हिमदंश होतो आणि संकोचामुळे कोणी ते सांगत नाही.

बोटांची तक्रार बहुतेकांची असते. थंडी लागली की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त पोटाछातीकडे वळवतं, त्यामुळे बोटं सगळ्यात आधी उपाशी पडतात. उणे ७-८ च्या खाली पाच बोटांचे ग्लोव्हज सोडा आणि मिटन्स (चार बोटं एकाच कप्प्यात राहणारे हातमोजे) घाला. बोटं एकमेकांना ऊब देतात. ते घरातच, हात गरम असताना घाला. गार पडलेला हात मिटनमध्ये घातला तर मिटन तो गारवाच जपते. मोज्यांबाबत उलटी चूक होते: दोन जाड मोजे घालून बूट आवळला जातो, रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतात. एकच लोकरी मोजा, बोटं हलतील एवढी जागा. बोटं पांढरीफटक होऊन मग निळी-लाल होण्याचा प्रकार वरचेवर घडत असेल तर डॉक्टरांना दाखवा, तो रेनो हा वेगळा त्रास असू शकतो.

वाऱ्याचा हिशोब वेगळा करायचा. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते साधारण उणे २० सारखं लागतं. आणि तुम्ही ताशी १० किलोमीटरने वाऱ्याच्या तोंडावर पळताय म्हणजे तुमचा वेग त्यात मिळवायचा. पाठीवर वारा असेल तर वजा करायचा. यातून एक नियम निघतो जो मी कधी मोडत नाही: जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. उलट केलंत तर पहिला तास मजेत घामाघूम व्हाल आणि वळल्याबरोबर तो ओला शर्ट वाऱ्यासमोर धराल.

वारा धरून आकडा उणे २७-२८ च्या खाली गेला की उघडी त्वचा अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते. मी तिथे थांबते, आणि वारा नसला तरी हवेचं तापमान उणे २० झालं की घरातच पळते. क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींनाही उणे २० हीच मर्यादा आहे, आणि ते लोक थंडीतच वाढलेले असतात. गालावर, नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या पाळीवर पांढरट मेणचट डाग दिसला आणि तिथली आग होणं अचानक थांबलं, तर बरं वाटू देऊ नका. संवेदना गेली आहे. गरम तळहात धरा, बोटं काखेत घाला, आणि आत जा. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. तोंडाला जाड मलम फासून निघण्याची सवय अनेकांना आहे. मलमाने हिमदंश थांबत नाही, उलट आपण सुरक्षित आहोत असं वाटून माणूस गाल झाकत नाही. बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) नाकापर्यंत वर ओढा.

फुफ्फुसं गोठत नाहीत. नाक, घसा आणि श्वासनलिका हवेला इतकी झटपट गरम करतात की फुफ्फुसांच्या खोल भागात ती जवळपास शरीराच्याच तापमानाने पोचते. जळजळतं ते कोरडेपणामुळे. उणे १० अंशांच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम २ ग्रॅम वाफ मावते. ३७ अंशांच्या हवेत ४४ ग्रॅम. हा फरक तुमच्या श्वासमार्गाचं अस्तर स्वतःजवळच्या ओलाव्यातून भरून काढतं. बसल्या जागी मिनिटाला ६-७ लिटर हवा लागते, पळताना ६० लिटर किंवा जास्त. अस्तर सुकतं आणि आग होते. तोंडावर बफ धरला की बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ त्यात अडकते आणि पुढच्या श्वासाला परत मिळते. तो भिजून कडक होतो, म्हणून लाँग रनला दुसरा खिशात ठेवा.

साधारणपणे ही जळजळ १०-१५ मिनिटांत कमी होते आणि दोन-तीन आठवड्यांत तिचा बाऊ वाटेनासा होतो. पण पळून थांबल्यावर ५ ते १५ मिनिटांत खोकल्याची उबळ येत असेल, छाती आवळत असेल, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर ते श्वासनलिका आकुंचन पावण्याचं लक्षण आहे. थंड कोरड्या हवेत जोरात व्यायाम करणाऱ्यांत हे बरंच आढळतं, दमा नसलेल्यांतही. यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जा, अंगावर काढू नका. घरात १० मिनिटांचा वॉर्म-अप करून निघाल्याने अशा लोकांचा त्रास कमी होतो, आणि तो वॉर्म-अप तुम्हालाही हवाच आहे, कारण गार स्नायू हळू आकुंचन पावतात आणि लवकर ओढले जातात. जिने चढउतार, स्क्वॅट्स, जागच्या जागी पळणं, अंग कोमट होईपर्यंत. घाम येण्याआधी बाहेर. छातीच्या मधोमध दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ ही मात्र वेगळी गोष्ट आहे. थंडीत रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. तिथे पळणं लगेच थांबवायचं आणि मदत मागायची.

आता पेस. ४० सेकंद गेले म्हणून तुम्ही काळजीत आहात, आणि मला वाटतं तुमच्या हिवाळ्याची हीच सगळ्यात मोठी चूक ठरू शकते. बर्फावर प्रत्येक पावलागणिक पाय थोडा मागे सरकतो, जास्तीचे कपडे अंगावर असतात, बुटाचा फोम गारठ्याने कडक होतो, आणि पाय घसरू नये म्हणून तुम्ही नकळत आखडून पळता. मेहनत तेवढीच होते, किलोमीटर कमी होतात. मेहनत शरीराला कळते, किलोमीटर कळत नाहीत. डिसेंबर ते फेब्रुवारी घड्याळावर पेस दिसणारच नाही असा स्क्रीन लावा आणि वेळेवर पळा: ६० मिनिटं सोपं, १२० मिनिटं सोपं. सोपं म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येईल एवढं. मनगटावरच्या सेन्सरच्या हृदयगतीवर विसंबू नका. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळल्या की तो वाट्टेल ते आकडे दाखवतो. छातीचा पट्टा असेल तर उत्तम, नसेल तर श्वास हाच माप.

निसरड्यावर पावलं लहान आणि भरभर, पाय कंबरेच्या बरोबर खाली पडला पाहिजे. पाय पुढे टाकून टाच आपटलीत की घसरलात. ताज्या दाबलेल्या बर्फावर खोल नक्षीचे ट्रेल शूज पुरतात, काचेसारख्या बर्फावर धातूच्या टोकांचे शूज किंवा वरून चढवायचे स्पाइक्सच हवेत. सगळ्यात फसवा दिवस उणे १५ चा नसतो, शून्याच्या आसपासचा असतो: दिवसा वितळतं, संध्याकाळी पुन्हा गोठतं, आणि डांबरावर दिसतच नाही असा थर बसतो, पुलांवर आणि सावलीत आधी. अंधारात दिवा कपाळाऐवजी कमरेला लावून पाहा. उजेड खालून तिरपा पडतो, बर्फाच्या उंचवट्यांच्या सावल्या उठून दिसतात आणि पाय कुठे टाकायचा ते कळतं. समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळा आणि चमकणारी पट्टी पाठीइतकीच पायांवरही लावा, हलणारी गोष्ट चालकाच्या लवकर नजरेत येते.

ट्रेडमिलला कमी लेखू नका. नॉर्वेच्या धावपटू इंग्रिड क्रिस्टियान्सेन यांनी हिवाळ्यातला बराच सराव ट्रेडमिलवर केला आणि एप्रिल १९८५ मध्ये लंडनला महिलांच्या मॅरेथॉनचा २:२१:०६ चा विश्वविक्रम केला. उलट बाजूला जपानचे युकी कावाउची. १ जानेवारी २०१८ ला त्यांनी अमेरिकेतल्या मार्शफील्डला उणे १७ अंशांच्या आसपासच्या थंडीत मॅरेथॉन २:१८:५९ मध्ये पूर्ण केली, आणि त्याच एप्रिलमध्ये बॉस्टनला, ३-४ अंश, धो धो पाऊस आणि तोंडावर वारा असताना, एकामागून एक नामांकित धावपटू शर्यत सोडत होते तेव्हा ते जिंकले. दोन्ही मार्ग चालतात. माझी विभागणी अशी आहे: वेगाचं काम आत, वेळेचं काम बाहेर. टेम्पो (सलग जोरात पळणं) आणि इंटरव्हल (जोरात आणि हळू आलटूनपालटून) ट्रेडमिलवर १ टक्का चढ लावून किंवा पूर्ण साफ कोरड्या रस्त्यावर; निसरड्यावर वेग काढून मांडीचा आतला स्नायू ओढून घेऊ नका. सोपे रन आणि लाँग रन बाहेर. बाहेरच थोडी धार हवी असेल तर फार्टलेक करा: २ मिनिटं जोरात, २ मिनिटं हळू, आठ-दहा वेळा. मात्र हळूच्या वेळात उभं राहायचं नाही, चालायचंही नाही. आठवड्याला दोन वेळा २० मिनिटं ताकदीचे व्यायाम घाला, विशेषतः पोटरी आणि नितंबांचे. तीन आठवडे थोडं थोडं वाढवून चौथ्या आठवड्यात कमी करा. मार्चच्या मध्यापर्यंत सर्वांत मोठा रन ३ तासांपर्यंत न्या. मॅरेथॉनच्या पेसचं काम रस्ते मोकळे झाल्यावर मार्चमध्ये; त्याची आत्ता घाई नको.

तहान थंडीत लागत नाही, पण पाणी जातंच: घामातून, श्वासातून, आणि लघवीतून, कारण हातापायांतलं रक्त आत वळलं की मूत्रपिंड जास्तीचं पाणी बाहेर टाकतात. दीड तासाच्या वर पळणार असाल तर कोमट पाणी भरा आणि बाटली उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूला आधी धरतो, तोंड मोकळं राहतं. पळताना खायचं साखरेचं जेल अंगालगतच्या खिशात, नाहीतर ते डिंकासारखं होतं. फोनही तिथेच, गार बॅटरी अचानक मान टाकते. आणि हिवाळ्यात साखर संपू देऊ नका: शेगडीचं सरपण तेच आणि हुडहुडी भरली तर तीही त्यावरच चालते. ४० मिनिटांनी पहिलं जेल, भूक लागो न लागो.

पळणं संपल्यावर बाहेर उभं राहून स्ट्रेचिंग नको, घड्याळ बघत गप्पा नकोत. पाच मिनिटांत ओले कपडे उतरलेले असले पाहिजेत, आधी वरचे, मग टोपी, मग मोजे. स्ट्रेचिंग त्यानंतर, घरात.

एक गोष्ट मार्चअखेर आठवा. तुमचं शरीर चार महिने थंडीत पळलेलं असेल आणि शर्यतीच्या दिवशी १८-२० अंश निघू शकतात. उष्णतेला शरीर सरावायला १० ते १४ दिवस लागतात. शेवटच्या दोन आठवड्यांत चार-पाच सोपे रन दुपारी, एक थर जास्तीचा घालून करा किंवा घरात पंखा न लावता ट्रेडमिलवर. पाणी भरपूर, वेग नाही.

आणि येत्या रविवारचे २२ किलोमीटर. ११-११ ची जा-ये करू नका. घराजवळून जाणारी ५-६ किलोमीटरची फेरी निवडा आणि चार वेळा मारा, म्हणजे कुठूनही चालत घर अर्ध्या तासाच्या आत. पिशवीत जाकीट, फोन, एक जेल जास्तीचं. कोणालातरी किती वाजता परतणार ते सांगून ठेवा. दुसरी फेरी संपली की दारात थांबा, ओली टोपी, बफ आणि मिटन्स उतरवून रेडिएटरजवळ ठेवलेले कोरडे घाला, दोन घोट कोमट पाणी प्या आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा बाहेर पडा. तिसऱ्या फेरीला बोटं परत बधिर वाटली तर चौथी ट्रेडमिलवर करा, आणि नंतर मला कळवा की बोटं कितव्या मिनिटाला गेली, वारा कुठून होता आणि मिटन्स आतून ओले होते की कोरडे. त्यावरून पुढचं ठरवू.